मस्टरवरचं नाव

मिलोची भाकरी हातावर थापता येत नाही, यावर आजी शेवटपर्यंत ठाम होती. ज्वारीच्या पिठाला चिकटा असतो, मिलोच्या पिठाला नसतो. भाकरी उचलायला गेलं की मधोमध फाटते. मग आजी पिठात आधणाचं पाणी घालायची, परातीतच हलक्या हातानं थापायची आणि तशीच तव्यावर सरकवायची. तांबडं तांबडं ते धान्य अमेरिकेतून येई आणि रेशनवर मिळे. "जनावरं बी तोंड फिरवायची," असं ती म्हणे, आणि लगेच पुढं जोडी, "पर त्यानंच जगवलं बाबा. नावं ठिवू नगंस."

हे बहात्तर सालचं. आमच्या माण तालुक्याला दुष्काळाचं नवल नव्हतं, पण त्या साली आधीची दोन वर्षंही कोरडीच गेलेली. विहिरींचे तळ उघडे पडले, बैल मिळेल त्या भावाला गेले. वडील मुंबईला गिरणीत होते. गावात आजी, आजोबा, आई, दोन काका आणि झोळीतला मी. आजी आणि आई खडी फोडायला जात. माझी झोळी बाभळीला बांधलेली असे आणि शेजारची एक म्हातारी सगळ्याच पोरांवर लक्ष ठेवी. हे अर्थात मला आठवत नाही, पण इतक्या वेळा ऐकलंय की त्या हातोड्यांचा आवाज माझ्याच कानात असल्यासारखा वाटतो. खडीचं माप ब्रासावर. हाताला फोड आले की बायका लुगड्याची चिंधी गुंडाळून पुन्हा बसत. पोरांना सुकडी मिळे. तिची चव गोड होती असं आई सांगते, आजी म्हणायची खवट होती. दोघीही खऱ्याच असतील, पोतं कुठलं उघडलं त्यावर होतं ते.

1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. आमच्या घरातली दोन त्यात मोजलेली.

आजीच्या सासूबाईंकडे याहून जुनी गोष्ट होती. त्यांचे आजोबा म्हणे म्हसवडजवळच्या राजेवाडीच्या तलावावर माती वाहायला गेले होते. तो तलाव 1876-77 च्या दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून सुरू झाला, एवढं पक्कं. आजोबांचं मात्र घरातलं ऐकीव, पिढ्यांमधून आलेलं, त्यात कुणाचे कोण मिसळले असतील देव जाणे. त्या दुष्काळात इंग्रज सरकारनं मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली, तेव्हा दख्खनेतले हजारो मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. उपाशी माणसांनी काम टाकून जाणं म्हणजे काय असेल, याचा विचार मी अजून करतो.

पुढं इंग्रजांनी दुष्काळाचे नियम बांधले. पण गोम अशी, की दुष्काळ आहे की नाही हे ठरवायचं सरकारनं. तलाठ्यानं पिकाची आणेवारी काढायची, ती वर जायची, वरच्यांनी दुष्काळ जाहीर करायचा, मग कामं निघायची. आणेवारी दोन आणे जास्त लागली तर चूल पेटली न पेटली, विचारायला कुणी बांधील नाही. काम निघालं तर सरकारची कृपा. आमचे आजोबा तलाठ्याला रामराम घालताना जरा जास्तच वाकत, त्याचं कारण हेच असावं.

हे उलटं केलं ते आमच्याच मुलखाशेजारच्या एका माणसानं. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती. शेतावर किती पैशांत किती माणसांना काम पुरेल, हा हिशेब त्यांनी म्हणे आधी घरी बायकोला विचारला. ही गोष्ट आमच्याकडं पारावर फार आवडीनं सांगितली जाई, आणि आजीला तर ती खरी वाटायलाच हवी होती. तिच्या मते हिशेब बाईलाच विचारायचा असतो. पागेंनी तासगावकडं प्रयोग करून पाहिला, मग 1972 साली रोजगार हमी योजना निघाली. तेवढ्यात दुष्काळानं सगळंच गिळलं. तो सरल्यावर योजना पुन्हा उभी राहिली. 1977 साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

त्या कायद्यात आणेवारी नाही. गावातल्या कुठल्याही सज्ञान माणसानं, बाई असो की बाप्या, अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता, रोजचा निदान एक रुपया. रुपया थोडाच होता, पण तो सरकारनं द्यायचा होता आणि मागणाऱ्याचा हक्क होता. देणारा बांधला गेला, हे मला या कायद्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

पैसा कुठून आणायचा? शहरातून. 1975 सालापासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, त्यात इतर काही करांची भर पडली आणि तेवढीच रक्कम सरकारनं घालायची असं ठरलं. वडिलांच्या गिरणीच्या पगारचिठ्ठीवर ही कपात दिसायची. ते सुट्टीला आले की आजी विचारी, "हे कशाचं कापलं?" वडील सांगत, "तुझ्या बंडिंगचं." दोघंही हसत. मुंबईतला लेक आणि मातीची पाटी उचलणारी आई यांच्यामध्ये सरकारनं अशी एक वाट काढली होती.

मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी गावाकडं परतले. वडीलही आले, ट्रंक आणि वळकटी घेऊन. उन्हाळ्यापर्यंत घरातली ज्वारी संपत आली. ज्या कामासाठी त्यांच्या पगारातून कापलं जाई, त्याच कामावर जायची वेळ त्यांच्यावर आली.

आजीचा भाऊ, आमचे बापूआजा, चार बुकं शिकलेले. साऱ्या आळीचे अर्ज तेच लिहीत. मी वहीतली पानं फाडून देत होतो, म्हणून हे मला नीट आठवतं. अर्ज घेऊन सगळी मंडळी कचेरीत गेली. तिथल्या माणसानं गठ्ठा घेतला, टेबलावर ठेवला आणि "बघू, या आता," म्हणाला. बाया उठल्या. बापूआजा उठले नाहीत. "साहेब, पोच द्या."

"पोच कशाला? अर्ज घेतलाय की."

"पंधरा दिवस कुठनं मोजायचं मग?"

त्या वाक्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी तारीख घालून पोच मिळाली. ती बापूआजांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. पंधरवडा सरायच्या आत ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. वडिलांनी टिकाव घेतला, आजीनं आणि आईनं पाट्या. दुपारी सगळे एकत्र बसून भाकरी, खर्डा आणि कांदा खात. चौकड्यांचं माप घ्यायला ओव्हरसियर आला की आजी वडिलांना म्हणे, "नीट बघून घे, तुला वाचता येतंय."

सगळं चांगलंच होतं असं नाही. पगार आठवडे आठवडे लांबे. मापात मारलं जाई. मस्टरवर न आलेल्यांची नावं चढत आणि आलेल्यांची गळत. भत्ता मिळालेला माणूस तर आमच्या शिवारात कुणी पाहिला नाही. पण त्या उन्हाळ्यात आजोबा तलाठ्यापुढं वाकले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. काम मागायला गेलेल्या माणसाची मान ताठ राहू शकते, हे आमच्या घराला पहिल्यांदा तेव्हा कळलं. पुढं 2005 साली दिल्लीनं साऱ्या देशासाठी असाच कायदा केला. पाया इथल्या खडीवर घातला होता.

आता आजी नाही, बापूआजाही नाहीत. पागेंचं नाव पुस्तकांत आहे आणि ते असायलाच हवं. पण बहात्तरच्या खडीवर बसलेल्या बायांची नावं फक्त मस्टरवर होती, त्यातली निम्मी अंगठ्याच्या ठशासमोर लिहिलेली, आणि ते मस्टर आता कुणाला दाखवता येणार? तुमच्या घरात ते साल पाहिलेलं कुणी अजून असेल, तर आजच त्यांच्यापाशी बसा. कुठल्या कामावर होतात, मुकादम कोण होता, रोज किती पडला, मिलोची भाकरी कशी करत होतात, सगळं विचारा आणि त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा.