हायलँड्स (फॉल रिव्हर)

अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील फॉल रिव्हर या कापडगिरण्यांच्या शहरातील गिरणीमालकांची जुनी वस्ती. गावकऱ्यांच्या तोंडी तिचे नाव नुसते ‘द हिल’. शहर वाढले ते क्वेक्वेचन नदीमुळे. शेवटच्या अर्ध्या मैलात ही नदी सुमारे १३० फूट खाली उतरते. त्या पाण्याच्या जोरावर १८१३ मध्ये येथे गिरण्या उभ्या राहिल्या. यादवी युद्धानंतर वाफेचे बळ मिळाले, नदीकाठाची अट सुटली आणि १८७०च्या सुमारास नव्या कंपन्यांची झुंबड उडाली.

मालकवर्ग धूर आणि गोंगाट खाली ठेवून टेकडीवर सरकला. बॉर्डन, डर्फी, ब्रेटन ही घराणी गिरण्या, बँका आणि सोयरिकी या तिन्हींनी एकमेकांत गुंतलेली होती. त्यांच्यापुरती ही वस्ती म्हणजे भावकीच. रॉक स्ट्रीटवरचे १८४३ मधील ग्रॅनाइटचे एक घर तर मूळचे गावातले. १८७०च्या आसपास ते दगड दगड सुटा करून टेकडीवर पुन्हा रचले गेले. पत्ता किती मोलाचा होता, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे. खाली गिरण्यांत आयरिश, लँकेशरचे इंग्रज, फ्रेंच कॅनेडियन आणि पोर्तुगीज कामगार राबत. मजुरीकपातीविरुद्ध १९०४ मध्ये त्यांतील सुमारे २५,००० जणांनी सहा महिने संप केला.

बाहेरच्या जगाला मात्र ही वस्ती लिझी बॉर्डनमुळे ठाऊक आहे. तिचे वडील अँड्र्यू धनाढ्य असूनही खाली सेकंड स्ट्रीटवरच राहत. ४ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांचा व तिच्या सावत्र आईचा तेथे खून झाला. या खुनांचा आरोप लिझीवर आला, पण पुढच्या जूनमध्ये खटल्यात ती निर्दोष सुटली. वारशाच्या पैशातून तिने टेकडीवर फ्रेंच स्ट्रीटला ‘मेपलक्रॉफ्ट’ हे घर घेतले. शेजाऱ्यांनी तिला वाळीत टाकल्यासारखेच वागवले, तरी १९२७ मध्ये मरेपर्यंत तिने ते सोडले नाही. या खटल्याच्या गाजावाजात वस्तीचा खरा इतिहास, म्हणजे गिरण्यांचा पैसा, झाकला गेला आहे.

१९२०च्या दशकात कापडधंदा दक्षिणेकडील राज्यांत गेला. नगरपालिकेचे दिवाळे वाजून १९३१ पासून दहा वर्षे तिचा आर्थिक कारभार राज्याने नेमलेल्या मंडळाकडे होता. रॉक स्ट्रीटवरचे ते ग्रॅनाइटचे घर १९३५ मध्ये स्थानिक इतिहास संस्थेला मिळाले. आज तेथे संग्रहालय आहे. ‘हायलँड्स ऐतिहासिक क्षेत्र’ म्हणून वस्तीची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद १९८३ मध्ये झाली.