खुर्ची कोणाची?

फैजपूर म्हटलं की १९३६ चं काँग्रेस अधिवेशन. खेड्यात भरलेलं पहिलंच. खेड्यांबद्दल बोलायचं तर खेड्यात जाऊन बसा, इतका साधा विचार!

विशेष शिक्षणात हा विचार आपल्याला उशिरा सुचला. विशेष शिक्षकांची पात्रता ठरवणारी भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने आली. तिच्यात मंत्रालयांचे प्रतिनिधी, डॉक्टर, संस्थांची माणसं, तीन खासदारसुद्धा. आईबापांना वेगळी जागा नाही. १९९५ च्या कायद्याने केंद्राच्या आणि राज्यांच्या समन्वय समित्यांवर पाच जागा 'शक्यतो' अपंग व्यक्तींसाठी ठेवल्या. पालकांच्या संघटनांना तीन जागा मिळाल्या त्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या मंडळावर. २०१६ च्या कायद्यात पाचाच्या दहा झाल्या, त्यांत निदान पाच स्त्रिया. 'शक्यतो' मात्र तसाच राहिला.

तज्ज्ञ हवेतच. पण पोरगं वर्गात का बसत नाही हे त्याच्या आईला आधी कळतं. तिला खुर्ची दिली, तरी बैठकीच्या दिवशी पोराला कोणापाशी ठेवायचं?

नेहरू अध्यक्ष म्हणून फैजपूरला आले होते. मग समितीने एखादी बैठक इकडे घ्यायला काय हरकत आहे?