मामूंची एसएलआर

माझे मामू पोलिसात होते. बंदोबस्तावरून घरी आले की जेवताना खांदा चोळत बसायचे आणि म्हणायचे, "एसएलआर म्हणजे लोखंडी पोरगं कडेवर घेऊन उभं राहणं." काडतुसांसकट चार किलोच्या वर वजन, त्यात नंदुरबारचं ऊन.

एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. मूळ बेल्जियमची, एफएन कंपनीची. रचना द्युदोने सेव्ह यांची. 1962 च्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात .303 होती. दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, मग चाप. समोरच्यांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली. ते पाहून घाई झाली आणि बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात 1ए1 बनू लागली. परवान्याचं रीतसर काम मागे राहिलं. बेल्जियमच्या कंपनीने तक्रार केली, नंतर तडजोड करावी लागली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगत नाही, पण सांगायला हवी.

आतलं काम साधं आहे. गोळी नळीतून जाताना मागचा थोडा वायू वरच्या छिद्रातून शिरतो आणि दट्ट्याला मागे रेटतो. त्या धक्क्याने बोल्टची शेपूट वर उचलली जाते, कुलूप सुटतं, रिकामं काडतूस बाहेर उडतं. स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे आणते, येताना नवं काडतूस घेऊन. मॅगझिनमध्ये वीस काडतुसं. कचरा साचला तर वायू वाढवायला छोटी गोल चावी असते. मामूंना ती फार आवडे.

आमच्या खानदेशाचाही यात हात आहे. भुसावळजवळ वरणगावला 1964 मध्ये काडतुसांचा कारखाना उभा राहिला. सुरत-भुसावळ गाडीत कामगारांच्या गप्पा ऐकत मी मोठा झालो.

पण एसएलआर एका दाबात एकच गोळी सोडते. सलग गोळीबाराची सोय मुद्दाम काढलेली. प्रत्येक गोळीला बोट नव्याने दाबावं लागतं. मामूंची ड्युटी अनेकदा माणिक चौकात असे. 9 सप्टेंबर 1942 रोजी इंग्रजांच्या पोलिसांनी तिरंगा घेतलेल्या मुलांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या, ते हेच गाव. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्यामदास. पाचही जण गेले.

एकदा मी विचारलं, मामू, गर्दीवर चालवायची वेळ आली तर? त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाले, "अब तक नहीं आई, बेटा." मग मॅगझिन रिकामं आहे का, ते पुन्हा एकदा बघून आले.