अर्थ लावणे : एका पिंपाच्या निमित्ताने

‘अर्थ लावला का, सर?’

हा प्रश्न आम्हाला वर्गात नव्हे, तर मुळशी तालुक्यातील रिहे येथे पत्र्याच्या एका शेडमध्ये विचारण्यात आला. विचारणारे मामा तेथे तीसेक वर्षे वेल्डिंग करीत आले आहेत. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. ‘अर्थ लावणे’ हा तर आमचा व्यवसाय! मामांना अभिप्रेत असलेला अर्थ मात्र निराळा होता. वेल्डिंग मशीनमधून निघालेल्या दोन वायरींपैकी एकीचा चिमटा जोडकामाच्या लोखंडाला लावावा लागतो. त्याला ‘अर्थ’ म्हणतात. तो लागला नाही तर विजेचे वर्तुळ पूर्ण होत नाही आणि रॉड कितीही घासला तरी ठिणगी पडत नाही. आम्ही तो लावायला विसरलो होतो.

आम्ही बनवीत होतो तो एक ‘स्मोकर’. दोनशे लिटरचे पोलादी पिंप आडवे कापून त्याला बिजागरीचे झाकण, आत जाळी, खालच्या बाजूला हवेची झडप आणि वर धुराडे बसवायचे. मांसाला थेट जाळ न लागता ते सुमारे ११० अंश सेल्सिअसच्या आचेत आणि लाकडाच्या धुरात कित्येक तास राहते. स्नायूंना जोडणारे चिवट कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि मांस मऊ पडते. जवळच हिंजवडी आहे. तेथील नोकरदारांमुळे या परिसरात बार्बेक्यूची हौस नवी राहिलेली नाही. आमचीही सुरुवात हौसेनेच झाली. या लेखाचा विषय मात्र ती हौस नाही. पिंप घडवताना आमच्या वाचनातील एक उणीव आमच्या लक्षात आली, तिच्याविषयी हे लेखन आहे.

पहिला धडा मामांनी कापण्याआधीच दिला. पिंप खाद्यतेलाचेच हवे, रसायनाचे चालणार नाही. त्याची दोन्ही बुचे काढा, आत पाणी भरा, मगच कटर लावा. बंद पिंपात उरलेली वाफ ठिणगीने पेटून माणसे दगावतात. पिंपाचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा. करंट जास्त ठेवला की पत्रा जळून भोक पडते. कमी ठेवला की रॉड चिकटतो. सलग शिवण मारण्याच्या अट्टहासापायी आम्ही पहिल्याच दिवशी सात भोके पाडली. मामा म्हणाले, ‘एक टाका मारा, थांबा. दुसरा लांब मारा. पत्र्याला दम खाऊ द्या.’ आच एकाच जागी साठू नये म्हणून जोड दूरदूरच्या टाक्यांनी भरत आणायचा असतो. पदार्थविज्ञानातील उष्णतावहनाचे हे तत्त्व आम्ही शाळेत शिकलो होतो, पण मामांच्या चार शब्दांतून ते प्रथम हाताला कळले.

हे ज्ञान मराठी ग्रंथांत कितपत उतरले आहे, असा विचार मनात आला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात लोहार भेटतो. पण मुख्यतः बलुतेदार म्हणून. त्याचा हक्क काय, गावाशी त्याचे देणेघेणे कसे, हे आत्रे मार्मिकपणे मांडतात. लोखंड किती लाल झाले की घण मारायचा, फाळाला पाणी केव्हा द्यायचे, हे लोहाराच्या भात्यापाशीच राहिले. लोखंड आणि अक्षर यांची भेट मराठीत मुळीच झाली नाही, असे मात्र नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० मध्ये त्याच कारखान्याच्या आवारातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. मराठी मध्यमवर्गाची अभिरुची घडवणारे ‘किर्लोस्कर’ मासिक मुळात एका नांगराच्या कारखान्याचे बातमीपत्र होते, ही गोष्ट वाङ्मयेतिहास शिकवताना आम्ही एका वाक्यात उरकत आलो आहोत.

आमच्या पिंपाच्या कुळकथेतही एक लेखणी आहे. आजच्या पोलादी पिंपाची पेटंटे १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका कारखान्यातील हेन्री वेऱ्हान याच्या नावे झाली. त्या कारखान्याची मालकीण होती नेली ब्लाय. वेडाचे सोंग घेऊन वेड्यांच्या इस्पितळात शिरणारी आणि तेथील छळ १८८७ मध्ये जगापुढे मांडणारी ही पत्रकार. तिचे लेखन अभ्यासले जाते. तिचे पिंप जगभर गेले, पण ते कोणाच्या अभ्यासात येत नाही.

पिंपात जे शिजायचे होते त्याचा इतिहास याहून बोलका आहे. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ काठ्यांचा मांडव. अमेरिकेच्या दक्षिणेत रात्रभर विस्तवाजवळ बसून हे मांस शिजवणारे हात मुख्यतः गुलाम केलेल्या कृष्णवर्णीयांचे होते. मेजवानीचे वर्णन होत राहिले, रांधणारा तपशिलात गेला. एड्रियन मिलर यांचे ‘ब्लॅक स्मोक’ हे या कृष्णवर्णीय परंपरेचा इतिहास सांगणारे पुस्तक यायला २०२१ साल उजाडावे लागले.

हे वाचताना आम्हाला आपल्याकडचे पुस्तक आठवले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती त्यात पाककृतींसह येते. मांस टिकवण्याची विद्या आपल्याकडेही होती. ती ‘चान्यां’त होती : मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून उन्हात कडक वाळवायच्या आणि पुढे टंचाईच्या दिवसांत भाजून किंवा शिजवून खायच्या. पट्टी पातळ का? मांस नासण्याच्या आत त्यातले पाणी निघून जावे म्हणून. मराठवाड्यातील कोरडे ऊन त्या कामी येई. मावळातल्या चार महिन्यांच्या पावसात उन्हाचा भरवसा नाही. तेथे चुलीवरच्या धुराचा आधार. बियाण्याची कणसे कीड लागू नये म्हणून चुलीवर टांगण्याची रीत याच समजुतीची. ऊन, धूर, मीठ, वारा यांचा हा हिशेब म्हणजे एक शास्त्रच होते. ज्यांच्याकडे ते होते त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते.

येथे आमची उणीव कबूल केली पाहिजे. दलित आत्मकथने आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्यांत वाळवलेले मांस आले की फळ्यावर आम्ही शब्द लिहीत असू : ‘दारिद्र्य’, ‘भूक’, ‘अवहेलना’. ते शब्द खोटे नव्हते. मेलेल्या जनावराच्या वाट्यामागची सक्ती आणि अपमान विसरून त्या अन्नाचा आज गौरव करत बसणे हाही एक अन्यायच ठरेल. पण वेदना वाचताना आम्ही कौशल्य वाचलेच नाही. पट्टी कोणी कापली, किती पातळ कापली, कोणाकडून शिकली, हे प्रश्न आम्हाला सुचले नाहीत. लेखकांनी मात्र ते दारातच ठेवले होते. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या शीर्षकात कामाचा मोबदला आहे. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ (२००३) या शीर्षकात तर बांबूच्या विणलेल्या वस्तूच आहेत. आईची ती वीण आणि स्वतःचे लेखन यांचे नाते लेखिकेने स्वतःच सांगितले आहे. आम्ही त्याला ‘प्रतीक’ म्हणालो आणि पुढे गेलो. बांबूची पाती कशी काढतात, हे विचारायला थांबलो नाही. सोसणारा माणूस आम्हाला दिसला, जाणता माणूस दिसला नाही. ज्याला आपण केवळ सोसणारा मानतो, त्याच्याकडून आपण काही शिकत नाही.

पिंप चौथ्या रविवारी उभे राहिले. झाकण थोडे वाकडे आहे आणि एका कडेने धूर निसटतो. आंब्याच्या वाळक्या लाकडावर बोकडाचा फरा सात तास ठेवला. सुरुवातीला झडप फार मिटल्याने पांढरा, कडवट धूर कोंडला. मामांनी ती अर्धी उघडून दिली, तेव्हा तो विरळ निळसर झाला. जेवताना त्यांना विचारले, हे सगळे तुम्ही कोठे शिकलात? ‘शिकवलं कोणी नाही, सर. बघून बघून आलं.’

यंदा ‘आयदान’ शिकवताना आम्ही पहिल्या तासाला पुस्तक उघडले नाही. घरात कोणाच्या हाताला कोणते काम येते आणि ते कसे करतात, हे विद्यार्थ्यांना एक पानभर लिहून आणायला सांगितले. वीटभट्टी, शिवणकाम, सुकी मासळी, गवंडीकाम असे बरेच काही आले. त्यातले निम्मे शब्द आम्हाला ठाऊक नव्हते. ते शब्द आम्ही फळ्यावर लिहून घेतले, आणि त्यांचा अर्थ लावायला विद्यार्थ्यांना पुढे बोलावले.