दस्त्याचे लाकूड

बंदुकीचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार नळीविषयी पुष्कळ लिहितात, दारूविषयी त्याहूनही अधिक लिहितात. परंतु ज्या लाकडाच्या आधाराने ती नळी शिपायाच्या खांद्याशी टेकते, त्या लाकडाविषयी दोन ओळींपलीकडे सहसा कोणी जात नाही. मीही गेलो नसतो. पण गेल्या हिवाळ्यात थाटीपुरातील एका स्नेह्यांच्या ओसरीवर अक्रोडाचे तीन ठोकळे चटईवर मांडून ठेवलेले पाहिले, आणि त्यांतला एक निवडण्याच्या निमित्ताने जी चर्चा झाली तिच्यामुळे आपल्या लष्करी इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू माझ्या ध्यानी आली. तीच आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

थाटीपूर हा ग्वाल्हेर शहराचा मुरारकडील भाग. आज तेथे सरकारी वसाहती आहेत, बाजार आहे, शाळा आहेत. परंतु ह्या भागाच्या भोवताली बंदुकीचा वास दीडशे वर्षे दरवळत होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. एका अंगास मुरार, म्हणजे 1886 पर्यंतची इंग्रजांची छावणी; 14 जून 1857 रोजी ग्वाल्हेर कंटिंजंटचे शिपाई उठले ते तेथेच. दुसऱ्या अंगास किल्ला, आणि त्याच्या पायथ्यापलीकडे लष्कर. दौलतराव शिंद्यांचा तळ 1810 च्या सुमारास तेथे पडला तो पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांचे वाडे झाले आणि तळाचे नावच शहरास चिकटले. त्या तळाबरोबर जी मराठी घराणी आली, त्यांतलेच आमच्या स्नेह्यांचे घराणे. त्यांच्या आजोबांची एक विलायती शिकारी रायफल घरात आहे. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली. तेव्हापासून ती परवान्यावर, घरची आठवण म्हणून राहिली आहे. वर्षातून एखादे वेळी निशाणबाजीच्या मैदानावर ती बाहेर निघते, एवढेच.

ह्या रायफलीचा मूळचा दस्ता आजोबांच्याच काळी पडून मोडला. नंतर कोणा कारागिराने दुसरा बसविला. तो मी पाहिला आहे. दिसावयास इतका देखणा दस्ता क्वचितच सापडेल: तांबूस-काळसर रेषांची वलये, पाण्यात तेलाचा थेंब पसरावा तशी, मागल्या टोकापासून थेट पकडीपर्यंत आलेली. आणि नेमका त्या पकडीपाशीच तो उभा तडकला आहे.

देखण्या लाकडाने असा दगा का द्यावा, हे समजून घेण्यासाठी दस्त्याचे काम काय ते पाहिले पाहिजे. नळीतून गोळी पुढे जाते तेव्हा तितकाच धक्का मागे येतो. तो धक्का नळीकडून लाकडात, लाकडाच्या बारीक मानेतून मागल्या रुंद भागात आणि तेथून खांद्यात उतरतो. मान म्हणजे जेथे उजव्या हाताची पकड बसते ती जागा. तीच सर्वांत बारीक आणि तिच्यावरच सर्वांत अधिक ताण. तेथे लाकडाचे तंतू मानेच्या वळणाबरोबर लांबच लांब वाहत गेले असतील तर ती मान वर्षानुवर्षे टिकते. ते आडवे कापले गेले असतील तर, सुतार म्हणतात त्याप्रमाणे, लाकूड बिस्किटासारखे तुटते. आता गंमत अशी की, ज्या वलयांना आपण सौंदर्य म्हणतो ती म्हणजे वाकडे झालेले तंतूच होत. झाडाचा बुंधा जेथे मुळांत उतरतो किंवा जेथे दोन फांद्या फुटतात, तेथे तंतू पीळ खातात, एकमेकांत शिरतात, आणि करवत फिरल्यावर त्या गुंत्याचीच नक्षी दिसते. म्हणून दस्त्यासाठी अक्रोड घ्यावयाचा तर झाड जमिनीबरोबर तोडीत नाहीत. मुळे मोकळी करून बुंधा खणून काढतात. नक्षीचे मोल सारे जमिनीखालच्या त्या वीतभर भागात असते.

पण मुळात अक्रोडच का? संस्कृतातला हा अक्षोट हिमालयाच्या उतारावरचा. चंबळ-यमुनेच्या मुलखात तो होत नाही. येथे हाताशी शिसम आहे, बाभूळ आहे. शिसम बळकट आहे ह्यात शंकाच नाही. तोफांच्या गाड्यांच्या चाकांसाठी उत्तर हिंदुस्थानात त्याचीच वाखाणणी होत असे. परंतु शिसम घनमीटरला 750 किलोच्या वर भरतो, तर अक्रोड 640 च्या आसपास. दिवसभर खांद्यावर बंदूक वाहणाऱ्यास हा फरक कळतो. शिवाय एकदा नीट वाळलेला अक्रोड हवेतल्या दमटपणाने फारसा हलत नाही. पावसाळ्यात दस्त्याचा पुढला भाग केसभर वाकला आणि नळीस टेकला तर गोळी निशाणापासून दूर जाते. नळी निर्दोष असते, माणूस निर्दोष असतो, दोष लाकडाचा असतो. ओकाचे लाकूडही मजबूत, पण त्यातील आम्लाने लोखंड लवकर गंजते. अक्रोडात ती खोड बरीच कमी. आणि पटाशीला तो असा वश होतो की कळीचे बारीकसारीक भाग त्यात कागदही शिरणार नाही इतके घट्ट बसविता येतात.

शिंद्यांच्या इतिहासात ह्या प्रश्नास विशेष अर्थ आहे. मराठ्यांचे बळ मूळचे घोडा, भाला आणि तलवार ह्यांचे. महादजींनी 1784 साली द बॉइन ह्या सव्हॉयच्या सरदारास चाकरीस घेतले आणि कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा प्रथमच एकसारख्या बंदुकांची, एकसारख्या दस्त्यांची गरज हजारांनी निर्माण झाली. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतीत असे व बंदुकाही बनवीत असे. 1790 मध्ये पाटण आणि मेडता येथे ह्याच कंपूंनी राजपुतांचे घोडदळ अडविले, आणि 1 नोव्हेंबर 1803 रोजी लासवारीस पराभूत होतानाही ते ज्या निकराने लढले त्याची प्रशंसा शत्रूनेच केली. जुन्या तोड्याच्या बंदुकीचा दस्ता बहुधा सरळ व बारीक असे. कवायती बंदुकीचा दस्ता खांद्यात घट्ट बसावा लागतो, संगिनीच्या झटापटीत सोट्यासारखा चालवावा लागतो. कवायत शिकविणारा साहेब पगाराने आणता येतो, तोफ ओतणारा आणता येतो. पण शंभर वर्षांचे झाड पगाराने आणता येत नाही. सैन्य नव्या पद्धतीचे करणे म्हणजे काय काय करणे, ह्याचा विचार करताना आपण ही बाब सोडूनच देतो.

युरोपातील राष्ट्रांनाही हीच अडचण होती. 1709 च्या भयंकर थंडीत तेथील अक्रोडाची असंख्य झाडे मेली आणि त्या लाकडाची टंचाई पुढे बराच काळ जाणवली. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्ड ह्याने 1819 साली नमुन्याबरहुकूम वेडेवाकडे लाकूड कातणारे यंत्र काढले. तशी यंत्रे 1855 च्या सुमारास इंग्लंडातील एनफील्डच्या कारखान्यात आली. कारागिराने महिन्याकाठी जेवढे दस्ते घडवावेत तेवढे यंत्र अल्पकाळात काढू लागले. परंतु ठोकळा पारखणे मात्र यंत्रास आले नाही. पहिल्या महायुद्धात 1918 साली अमेरिकी सरकारला बालवीरांकरवी गावोगावची अक्रोडाची झाडे हुडकून काढावी लागली, ती ह्या लाकडासाठीच. आपल्याकडे बंगालमधील इशापूरचा रायफल कारखाना 1904 सालचा. त्याने बनविलेल्या ली-एनफील्ड रायफली आपल्या पोलिसांच्या हाती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या पुढल्या लाकडात एक आडवा स्क्रू दिसतो. तो शोभेचा नाही; लाकूड तडकू नये म्हणून घातलेला आहे. एवढ्याशा स्क्रूत एका कारखान्याचा सारा अनुभव साठविलेला असतो. पुढे इन्सास रायफल आली आणि दस्ता कृत्रिम पदार्थाचा झाला. लष्कराचा आणि अक्रोडाचा संबंध जवळजवळ तेथेच संपला.

राहिली हौशी लोकांची रायफल. ग्वाल्हेरचे माधवराव महाराज शिकारीचे मोठे जाणकार. 1920 साली त्यांनी वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत पुस्तकच लिहिले. त्या काळी संस्थानिकांच्या रायफली लंडन-बर्मिंगहॅमच्या नामांकित घरांतून मापे देऊन बनवून येत. त्या घरांचा भर फ्रान्सच्या आणि कॉकेशसकडच्या अक्रोडावर असे, आणि त्यांचा दंडक असा की, नक्षी हवी तेवढी, पण मानेच्या मागे. मान आणि पुढला भाग साधा, सरळ रेषांचा. गिऱ्हाईक राजा असले तरी ह्या दंडकास सहसा अपवाद नसे. आमच्या स्नेह्यांच्या रायफलीचा दुसरा दस्ता घडविणाऱ्याने तो मोडला, आणि मला वाटते, त्याने तो गिऱ्हाइकाला खूष करण्यासाठीच मोडला.

आता चटईवरच्या त्या तीन ठोकळ्यांकडे येतो. ते काश्मिरातून आले होते: प्रत्येक सुमारे तीन फूट लांब, अडीच इंच जाड, दोन्ही टोकांस मेण फासलेले. मेण एवढ्यासाठी की, लाकूड टोकांतून भराभर वाळले तर चिरते. मुरारकडचे एक वृद्ध मिस्त्री पारख करण्यासाठी आले होते. त्यांनी प्रथम काय केले, तर ओल्या फडक्याने तिन्ही ठोकळे पुसले. कोरडा अक्रोड राखाडी, निर्जीव दिसतो. ओलसर झाला की पुढे तेल दिल्यावर जसा दिसेल तसा क्षणभर दिसतो. पहिल्या ठोकळ्यावर अशी काही नक्षी उमटली की ओसरीवरचे आम्ही सारे पुढे सरकलो. मिस्त्री मात्र मागे सरकले. त्यांनी दस्त्याच्या आकाराचा पारदर्शक नमुना ठोकळ्यावर ठेवला, थोडा वर, थोडा खाली, थोडा तिरपा करून पाहिला, आणि म्हणाले, "साहेब, हा भिंतीवर लावा. मान कुठेही बसवली तरी रेषा आडवीच येते." दुसऱ्याच्या कडेस पांढरट, कच्च्या लाकडाचा पट्टा होता, त्याला कीड लवकर लागते. तिसरा साधा. मागल्या टोकास मूठभर धुरकट वलये, पुढे मात्र नदीच्या संथ प्रवाहासारख्या सरळ रेषा, आणि नेमक्या मानेपाशी त्या आपणहून किंचित खाली वळलेल्या. मिस्त्रींनी तो हातात धरून बोटाच्या पेराने वाजविला. आवाज स्वच्छ आला. स्नेह्यांची दृष्टी तरीही पहिल्या ठोकळ्यावरून निघेना. त्यांच्या आजोबांना आवडला असता तो तोच, असे ते दोनदा म्हणाले.

इतका वेळ आत बसून ऐकत असलेल्या त्यांच्या मातोश्री बाहेर आल्या. त्यांनी नक्षीकडे पाहिलेही नाही. "झाड फळतं होतं, की वठलेलं?" एवढेच त्यांनी विचारले. ह्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी जो आदेश आहे, त्याची मला तेव्हा आठवण झाली. आंबा-फणसाचे लाकूड आरमारास उपयोगी खरे, पण त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन फळेनासे झाले असेल तरच धन्यास राजी करून, द्रव्य देऊन तोडावे, असा त्याचा आशय. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील हा विचार. काश्मिरातही 1969 साली कायदा होऊन अक्रोडास विनापरवाना कुऱ्हाड लावण्यास मनाई झाली. अक्रोड हा तेथील शेतकऱ्याचा आंबाच. आपण त्याच्या लाकडाचे वजन आणि रेषा मोजतो. त्याच्या खाली दरसाल भरणारी टोपली मोजीत नाही.

शेवटी तिसरा ठोकळा राहिला, दोन परत गेले. इंचास एक वर्ष हा वाळवणीचा जुना हिशेब. त्या मानाने ह्या ठोकळ्यास अजून अवकाश आहे. मिस्त्रींनी तो माळ्यावर, भिंतीपासून हातभर दूर, दोन पट्ट्यांवर आडवा ठेवविला आहे. दर पौर्णिमेस तो खाली काढून तागडीत घालावयाचा आणि वजन खडूने दाराच्या चौकटीवर लिहावयाचे. सलग तीन-चार महिने आकडा तोच आला म्हणजे रंधा लावावयाचा, आणि मग जवसाचे तेल हाताने चोळून दिवसामागून दिवस मुरवावयाचे. गेल्या पौर्णिमेस मी मुद्दाम गेलो होतो. चौकटीवर सात आकडे झाले आहेत. सातवा सहाव्याहून अजून दीड तोळ्याने कमी आहे.