छत्रीपासून क्यूआर कोडपर्यंत

सोलापूरहून तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडी लागते. 1948 पर्यंत ही जिल्ह्याची वेस म्हणजे दोन राजवटींची हद्द होती. सोलापूर मुंबई इलाख्यात, तर तामलवाडी निजामाच्या राज्यात. तिथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी मुलाला वर्गातली भाषाच परकी वाटे. तामलवाडीच्याच जिल्ह्यात हिप्परग्याला 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे शिकवले. शिक्षण मुलापर्यंत पोचायचे तर त्याच्या भाषेतून पोचावे लागते, हा धडा या भागाला फार लवकर मिळाला.

यंत्र वर्गात आले ते पुढच्या पिढ्यांत.

1 ऑगस्ट 1975 रोजी ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. नासाच्या ‘एटीएस-6’ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत कार्यक्रम दिसू लागले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची भलीमोठी छत्री गावात उभी राहायची. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी. प्रयोगाची धुरा सांभाळणाऱ्यांत एकनाथ चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ होते. वर्षभरात उपग्रह वापरण्याची मुदत संपली आणि 31 जुलै 1976 ला प्रयोग थांबला.

महाराष्ट्राने आपली वाट 1984 मध्ये धरली. पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली आणि मराठी शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर झळकू लागले. कार्यक्रम मुलांच्या भाषेतले होते, पण घड्याळ दूरदर्शनचे होते. वर्गात अपूर्णांक चालू असताना पडद्यावर भलताच धडा लागला, तर गुरुजी काय करणार? तो थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे. त्यात वीज गेली की तो भाग गेलाच. 2017 मध्ये ही संस्था बंद झाली.

त्याच वर्षी दुसरे दार उघडले, पण त्याची सुरुवात आधीच झाली होती. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले 2009 साली रुजू झाले, तेव्हा शाळा गोठा आणि कोठार यांच्यामध्ये दाटीवाटीने उभी होती. बऱ्याच मुलांची मातृभाषा कन्नड. डिसले गुरुजींनी पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि पानांवर क्यूआर कोड दिले. मोबाइल धरला की कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ दिसे. मुलाला कळले नाही तर तोच भाग पुन्हा लावता येई, रात्री घरी, वडिलांच्या फोनवर. जपानमध्ये 1994 साली मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी जन्मलेली ही खूण अशी बालभारतीच्या पुस्तकात शिरली. राज्यातल्या सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड देण्याची घोषणा 2017 मध्येच झाली. डिसेंबर 2020 मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा मात्र ज्या घरी चांगला फोन नव्हता तिथे कोड मुका राहिला. जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. मागे पडलेला टीव्ही पुन्हा कामी आला.

या पन्नास वर्षांचा हिशेब स्पष्ट आहे. यंत्र कितीही भारी असो, त्याची कळ गुरुजींच्या हातात आणि त्याची भाषा मुलाची असेल तरच वर्ग रंगतो. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणणारी गावे कमी नाहीत, पण त्याचा दिवा गेला, वीजबिल थकले की तो कपाटात जातो. तामलवाडी असो की दुसरे कुठले गाव, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढे जरूर विचारावे: आपल्या शाळेतले यंत्र आज चालू आहे का, आणि नसेल तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार?