कुंपण सुटलं तेव्हा



गेल्या महिन्यात संयोजक घरी आले आणि म्हणाले, "सर, यंदा तत्त्वज्ञान नको. मागच्या वेळी लोक झोपले." (हशा) मी म्हटलं, मग बोलू कशावर? तर दारातल्या मेंदीच्या कुंपणाकडं बोट करून म्हणाले, यावर बोला. त्यांनी चेष्टा केली असेल. मी मात्र मनावर घेतलं. कारण शिकवण्यातून निवृत्त झालो तरी छाटणीतून झालेलो नाही, आणि कात्री चालवताना एक प्रश्न कैक वर्षं डोक्यात आहे. राखणारा हात निघून गेल्यावर कुंपणाचं काय होतं? आज त्याचाच थोडा इतिहास सांगतो. आपल्या किनवटपर्यंत येऊन पोचणारा आहे तो.

आधी हे लक्षात घ्या, की फुलांचं कुंपण ही आपल्याकडं तशी नवी गोष्ट. आमच्या लहानपणी कुंपण म्हणजे बोराटीच्या किंवा बाभळीच्या वाळक्या काट्या. सुगी संपली की तोडून आणायच्या, रचायच्या, वर दगड ठेवायचे. पुढच्या वर्षी वाळवी लागली की पुन्हा नव्या. जिवंत कुंपण पाहिजे असेल तर निवडुंग, शेर, नाहीतर घायपात. यातला निवडुंग आणि घायपात अमेरिकेतून आलेले, पण आपल्यात इतके मुरले की कुणाला पाहुणे वाटत नाहीत. फुलं हवीत म्हणून लावायची ती झाडं अंगणाच्या आत, देवापुरती. जास्वंद, तगर, कण्हेर. अपवाद कोरांटीचा. ती काटेरी आणि तिला पिवळी फुलंही येतात, म्हणून ती अंगणाच्या कडेला चालायची. दात दुखला की तिचा पाला चावायचा, हा तिसरा फायदा.

आता जरा लांब जाऊ. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात या देशात एक कुंपण लावलं होतं, आणि ते फुलांसाठी नव्हतं, मिठासाठी होतं. मिठावर कर होता. संस्थानांतलं स्वस्त मीठ चोरून कंपनीच्या, नंतर राणीच्या मुलखात येऊ नये म्हणून जकातीची एक सरहद्द आखली. सिंधू नदीपासून निघून खाली बऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यापर्यंत, आणि तिथून पूर्वेला महानदीकडं. एकूण लांबी दोन हजार मैलांच्या वर. या सरहद्दीवर शेकडो मैल जिवंत झाडांचं कुंपण वाढवलं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर. १८६७ पासून काही वर्षं या खात्याचे आयुक्त होते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तेच. १८८५ साली काँग्रेस स्थापन करण्यात पुढं असलेले ह्यूम. कुठल्या मातीत कुठलं झाड धरतं, बी कधी टाकायचं, पाणी कुठं साचतं, याचा विचार या गृहस्थांनी अगदी बागवानासारखा केला. राखायला हजारो माणसं होती. नुसते पहारेकरी नव्हते ते, कुंपण दाट ठेवणं हेही त्यांचंच काम. भोक पडलं की बुजवायचं, वाळवी लागली की नवं झाड.

१८७९ साली ही सरहद्द रद्द झाली. मीठ सुटलं असं समजू नका, मिठागरांवरच सरकारचा ताबा आला म्हणून कुंपणाची गरज संपली. माणसं गेली. आणि मग? रॉय मॉक्सहम नावाच्या इंग्रज लेखकानं शंभर-सव्वाशे वर्षांनी या कुंपणाचा माग काढला. २००१ साली त्याचं पुस्तक आलं. कित्येक फेऱ्या मारून त्याला चंबळच्या बाजूला, इटावा जिल्ह्यात, एक तुकडा सापडला. दोन हजार मैलांच्या सरहद्दीतला एक तुकडा! बाकीचं लोकांनी जळणाला तोडलं, शेतात नांगरलं, शेळ्यांनी खाल्लं, रस्ते झाले. हात गेला आणि कुंपण विरघळलं. कारण ती झाडं इथलीच होती किंवा इथं रुळलेली होती. त्यांना खाणारे होते, तोडणारे होते, त्यांचा कुणाला तरी उपयोग होता.

ही एक गोष्ट बाजूला ठेवा. आता दुसरी.

तुमच्यापैकी कितीजण परवा उनकेश्वरच्या किंवा माहूरच्या वाटेनं गेलात? रस्त्याच्या दोन्ही कडांना आणि सागाच्या आत, लाल-पिवळ्या-गुलाबी गुच्छांचं ते झुडूप पाहिलंत ना? आपण घाणेरी म्हणतो, कुणी टणटणी म्हणतं. लहानपणी तिची काळी पिकलेली फळं आपण सगळ्यांनी खाल्लीत. ती रानातलीच, असं मला पस्तिशीपर्यंत वाटायचं. ती बागेतून आलेली आहे. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातली. डच लोकांनी सतराव्या शतकात ती युरोपात नेली, काचेच्या घरांत वाढवली, एकमेकींशी संकर करून नवेनवे रंग काढले. आज आपण जी बघतो ती बऱ्याच अंशी बागवानांनी घडवलेली आहे. भारतात ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. कशासाठी? शोभेसाठी, कुंपणासाठी.

आणि निवड चुकीची नव्हती हो! कुंपणाच्या झुडपाकडून माळ्याला काय पाहिजे असतं ते बघा. बारमाही फूल. काडी खोचली की जगावी. छाटलं की दुप्पट फुटावं. पाणी नाही मिळालं तरी चालावं. अंगावर बारीक काटे असावेत आणि मुख्य म्हणजे गुराढोरांनी तोंड लावू नये. घाणेरीला यातल्या प्रत्येक परीक्षेत पैकीच्या पैकी. शिवाय तिच्या फुलाची एक गंमत. ताजं फूल पिवळं असतं, परागीकरण झालं की ते नारिंगी, गुलाबी, लाल होत जातं. एका गुच्छात दोन-तीन रंग दिसतात ते त्यामुळं. फुलपाखराला दुरून सगळा गुच्छ दिसतो, जवळ आल्यावर मध कुठल्या फुलात आहे तेही कळतं.

मी लहान असताना आमच्या गावाजवळ एका सरकारी बंगल्याभोवती घाणेरीचं कुंपण होतं. मी कुठला बंगला ते सांगत नाही, आता तिथं काही उरलंही नाही. किनवट तेव्हा नुकतंच आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडमध्ये आलं होतं, १९५६ ची राज्यपुनर्रचना. बंगल्यावर एक माळी होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मराठी, तेलुगू, गोंडी, तिन्ही बोलायचे, आणि शिव्या फक्त तेलुगूत. (हशा) पावसाळ्याच्या तोंडावर एकदा, दिवाळीनंतर एकदा, आणि मधे महिन्या-दोन महिन्यांनी ते कुंपण कापायचे. फळ काळं व्हायच्या आत झुबके काढून टाकायचे. आम्हा पोरांना त्याचा राग यायचा, कारण फळं खायला मिळायची नाहीत. एकदा मी विचारलं, मामा, फळं का काढता? म्हणाले, "पाखरं नेतील ना बाळा. मग मी कुठंकुठं कापत बसू?"

वनस्पतिशास्त्राची पुस्तकं मी पुढं पुष्कळ वाचली. बुलबुल, साळुंक्या फळ खातात, बी लांब टाकतात, हे त्यांत सविस्तर आहे. पण त्या माणसाला ते आधीच माहीत होतं, आणि तो ते दर महिन्याला हातानं थांबवत होता. मामा गेले. जागा भरली नाही. चार-पाच वर्षांत कुंपणाची भिंत झाली, भिंतीचा ढीग झाला, आणि ओढ्याच्या पलीकडं सागाच्या खाली नवी रोपं दिसायला लागली. त्या एका बंगल्यामुळं जंगल भरलं असं म्हणणं बावळटपणाचं होईल. असे बंगले, स्टेशनं, छावण्या, मळे देशभर होते, आणि घाणेरी सगळीकडून निघाली. आज देशातल्या सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगलात ती असावी असा वन्यजीव अभ्यासकांचा २०२० सालचा अंदाज आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी बाविशीत होतो. गवत नाही, कडबा नाही. हिरवं म्हणून रानात एकच गोष्ट उभी, घाणेरी. आमची एक कालवड होती, तांबडी. एरवी गुरं घाणेरीला नाक लावत नाहीत, पण उपाशी जनावर काय करणार? दोन दिवसांत तिनं खाणं सोडलं, डोळे पिवळे झाले. नाकपुडीची आणि कानाची कातडी उन्हात भाजल्यासारखी सोलून निघाली. आम्हाला वाटलं कुणी गरम पाणी टाकलं. शेजाऱ्याशी भांडणही झालं त्यावरून, माझ्या वडिलांचं आणि त्यांचं पुढं वर्षभर बोलणं नव्हतं. आठव्या दिवशी कालवड गेली. घाणेरीच्या पाल्यातलं विष यकृत बिघडवतं, मग चाऱ्यातल्या हिरव्या द्रव्याचा निचरा होत नाही आणि कातडीला ऊन सहन होत नाही, हे मला फार उशिरा एका पशुवैद्यानं समजावलं. लवकर सावलीत बांधून उपचार केला असता तर वाचली असती कदाचित. शेजारी तोवर वारले होते.

इथं मला वर्गात शिकवलेलं वैशेषिक दर्शन आठवतं, दोन मिनिटं सहन करा. त्यांच्या मते गुण द्रव्यात राहतो. पण संयोगालाही ते गुणच म्हणतात, आणि संयोग तर एका द्रव्याचा नसतो, दोघांत मिळून असतो. विद्यार्थी विचारायचे, सर, हे कसं काय? मी त्यांना घाणेरी दाखवायला हवी होती. गुरं खात नाहीत हा बागेत तिचा गुण, जंगलात तोच दोष. छाटलं की फुटते, तेच. झाड बदललेलं नाही. बदललं काय, तर त्याच्याशी जोडलेला हात. मिठाचं कुंपण हात सुटल्यावर मेलं आणि शोभेचं कुंपण हात सुटल्यावर पळालं. आपली म्हण आहे, कुंपणच शेत खातं. इथं तर जंगल खाल्लं. घाणेरीच्या जाळीखाली गवत येत नाही, सागाचं, मोहाचं रोप वर येत नाही, आणि पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांना झाडाच्या बुडाशी पोचता येत नाही. त्यांनी काही ही शोभा मागितली नव्हती.

उपाय नाहीत असं नाही. परदेशातून कीटक आणून सोडून पाहिले, फार फरक पडला नाही. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी एक साधी पद्धत सुचवली. झुडूप वरून कापायचं नाही, कारण ते त्याला हवंच असतं. जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा मूळ धरत नाही. मग तिथं लगेच गवत पेरायचं आणि पाखरं बसतात त्या झाडांखाली पुढची काही वर्षं नवी रोपं उपटत राहायचं. म्हणजे फिरून मामांचंच काम.

आता सभेतल्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, "सर, मग आम्ही दारात लावावं काय?" योग्य प्रश्न. मेंदी लावा. पांढऱ्या तुऱ्यांचा वास संध्याकाळी अंगणभर येतो, हातालाही रंग. कुंती लावा. जास्वंद, कोरांटी. बोगनवेल परदेशी आहे, १७६७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर फ्रेंचांनी पहिल्यांदा तिची नोंद घेतली, पण इथं ती बहुधा बीच धरत नाही, त्यामुळं पळत नाही. ड्युरांटा सध्या रस्त्यांच्या दुभाजकांवर दिसतो, त्याची पिवळी फळं पाखरं नेतात आणि ती विषारीही असतात. मी लावणार नाही.

मृगाचा पाऊस झाला की फूटभर अंतरानं, दोन ओळी, नागमोडी लावा. गुडघ्याएवढी झाली की छाती घट्ट करून निम्म्यावर कापा. इथंच सगळे कचरतात आणि मग कुंपण खालून उघडं पडतं. छाटताना बूड रुंद ठेवा, माथा अरुंद, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. फुलं हवी असतील तर दर पंधरा दिवसांनी कात्री चालवू नका. मेंदी-जास्वंदाला फूल नव्या फुटीवर येतं, ती फूटच तुम्ही कापत राहिलात तर नुसता हिरवा ठोकळा मिळेल. बहर सरला की कापा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात अजिबात नको, आळ्याला पालापाचोळा घाला आणि आठवड्यातून एकदा भरपूर पाणी.

आणि घर बंद करून पुण्याला मुलाकडं राहायला निघालात, तर शेजाऱ्याला सांगून जा. माझं स्वतःचं कुंपण मी सध्या पलीकडच्या घरातल्या एका आठवीतल्या मुलीला शिकवतो आहे. तिची कात्री अजून वाकडी चालते.